कंबर बावीस

खानापूरच्या रविवारच्या बाजारातली फुल पँट
भावकूची आई माझ्या मशीनवर टाकते,
वर मिरच्यांची पिशवी.
“उंचीला बरोबर हाय,” म्हणते,
“पण कंबरेत दोघं मावतील.”

भावकू उभा
एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर,
डावी मूठ पोटाशी घट्ट.
आठवीत गेलंय पोरगं.
शाळेच्या शर्यतीत
सगळी दोन हातांनी पळाली,
हा एका.

“खातंय की,” आई म्हणते, मी विचारलं नसताना,
“खाऊन जातंय कुठं, तेच कळंना.”

मी पँट उलटी करते.
कुणीतरी आधीच मागून आवळलीय,
एकच शिवण, मुठीएवढं कापड आत कोंबून;
दोन्ही खिसे पाठीकडं सरकलेत,
एकमेकांशी काही बोलायचं असल्यासारखे.
असं नाही होत.
बारीक पोराची पँट म्हणजे
जाड्या पोराची आवळलेली पँट नव्हे.

फळीवरून निळं कापड काढते, सव्वा मीटर.
“हात वर.”
दोन्ही वर केले तर पँट खाली येईल,
म्हणून तो एकच करतो.
काज-बटणवाली गंगव्वा
उगीच वहीत तोंड घालून बसते.
मी मराठीत सांगते, ती कन्नडात परत म्हणते,
चुकू नये म्हणून:
बावीस. इप्पत्तेरडु.
छत्तीस. मूवत्तारु.
सीट सत्तावीस. इप्पत्तेळु.
तिचा दोन माझ्या दोनासारखाच वळतो,
सात तेवढा निराळा.

“सैल ठेव ग थोडी. अंग भरंल की पुढं.”
सगळ्या आया हेच म्हणतात.
मला कात्री धरायला शिकवणारे सासरे
अशा वेळी चष्म्यावरून बघायचे:
पोर शाळेत उद्या जाणार आहे,
पुढल्या वर्षी नव्हे.

तेव्हा आसन उथळ.
मागचा कोन थोडा उभा.
मांडी अंगासरशी, पण गुडघ्यात
सायकल मारता येईल एवढी जागा.
चुण्या नकोत, चुण्यांनी फुगा होतो
आणि फुग्यातून बारीक पाय अजूनच बारीक दिसतात.
पट्टा पुढं सपाट, मागं चार बोटं रबर.
जेवला तर ताणेल,
धावला तर धरेल.

उरलेलं मात्र कापत नाही मी.
मागच्या शिवणीत दीड इंच,
पायाशी तीन इंच दुमड.
आम्ही त्याला माया म्हणतो.
गंगव्वाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसली होती,
त्यांच्यात माय होणं म्हणजे
नाहीसं होणं.
तेही बरोबरच.
बाहेरून दिसते कुठं?

बुधवारी तो पडद्याआड गेला
आणि बाहेर आला तेव्हा
दोन्ही हात मोकळे.
त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना.
खिशात घातले. काढले.
पुन्हा घातले; खिसे जागच्या जागी होते.
मग जो सुटला तो पाण्याच्या टाकीपर्यंत,
आणि टाकीपासून थेट घरी.
शिलाईचे पैसे आई शनिवारी देऊन गेली,
सोबत दोन काकड्या.

दोन वर्षांनी पुन्हा उभा, उंबऱ्याच्या पूर्ण आत.
आवाज फुटलेला, घोटे उघडे.
अंग काही भरलं नव्हतं,
कंबर तेवीस. नुसता उंच झाला होता.
ब्लेडनं दुमड उसवली.
आतून निघाला तीन बोटं पट्टा,
पहिल्या दिवसाइतका निळा,
वरची सगळी पँट राखेसारखी.

“काकी, हे वेगळं दिसतंय की.”
“दिसू दे. चार धुण्यांत जाईल.”

गंगव्वा काजातून मान वर न काढता म्हणाली,
“होगल्ला.”
जात नाही ते.