नेफा

बुधवारी शालनच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं
आणि घरात तीन बाटल्या आल्या.
पांढऱ्या टोपणाची दिवसातून सहा वेळा,
गुलाबी चार वेळा,
हिरवी रात्री झोपताना.
तिन्ही घरंगळतात.
एक तर काल तांदळाच्या डब्यात सापडली.

"एक बटवा शिवा," ती म्हणाली,
काळा चष्मा लावून, भिंतीकडं तोंड करून.
"मी?"
"मग काय, डॉक्टर येणारेत शिवायला?"

माळ्यावरून माझी खाकी पँट काढली.
प्रेसमधली.
एकतीस वर्षं जेलरोडवरून सायकल,
भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर,
आणि बाहेर पडताना झडती.
लोकांच्या नोटा मोजून मोजून
बोटांवरच्या रेघा गेल्या;
रेशनच्या मशीनला माझा अंगठा
अजून ओळखू येत नाही.

झडतीत रोज उशीर होतो म्हणून
लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात
शालननं पँटचे खिसे शिवून टाकले होते.
"आता शोधा म्हणावं."
पुढं प्रत्येक नव्या पँटचे.
भाजीची चिल्लर मी मोज्यात ठेवायचो.

"कमरेखालचं कापड घ्या. गुडघ्याचं नको, ते विरलंय."
न बघता कसं कळतं, विचारलं नाही.
वीतभर रुंद, दोन वीत लांब.
मधोमध दुमड, सुलट बाजू आत.
"सुलट आत?"
"आधी उलटंच दिसतं. धीर धरा."

सुईच्या नेढ्यात दोरा घालायला मी अकरा वेळा बसलो.
बाराव्यांदा तिनं हात पुढं केला,
दोरा जिभेवर ओला केला
आणि डोळे मिटूनच ओवला.

माझा धावदोरा म्हणजे उन्हाळ्यातली वालदेवी,
कुठं पाणी, कुठं नुसतेच धोंडे.
ती शिवणीवरून बोट फिरवते.
"इथं झोप लागली होती का?"
उसवलं. परत घातलं.
"वरची दोन बोटं मोकळी सोडा."
"का?"
"नाडी कुठून जाईल, तुमच्या डोक्यातून?"

बिटकोजवळच्या दुकानात पोरगं म्हणालं,
"काका, पायजम्याला?"
म्हटलं, "डोळ्याला."
त्यानं दोन हात नाडी जास्तच दिली.

नेफा दुमडून टीप मारली, पुढून, मागून.
मग सेफ्टी पिन पुढं, नाडी मागं,
कसाऱ्याच्या बोगद्यात शिरल्यासारखी,
मध्येच थांबते, आवाज नाही,
बाहेरून चिमटीनं चाचपत न्यायची.
एक नाडी डावीकडून निघून डावीकडं येते,
दुसरी उजवीकडून उजवीकडं.
"दोन्हीकडून ओढलं तरच तोंड नीट मिटतं.
एकाच बाजूनं ओढलं तर नुसत्या चुण्या."

उलटवला.
कोपरे पेन्सिलीनं बाहेर ढकलले.
आणि दर्शनी बाजूलाच, तिरका,
तो खिसा आला.
काळ्या दोऱ्यानं शिवलेलं तोंड,
मुंगीएवढे टाके.

ब्लेड हातात घेतलं.
"खिसा उसवू का?"
"काय आहे त्यात?"
"काही नसणार."
"मग राहू द्या."

तरी बटवा मागून घेतला तिनं,
मांडीवर ठेवला,
अंगठा त्या टाक्यांवरून
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत.
"ही टीप माझी."
"कशावरून?"
"सरळ आहे."

सहा वाजले. पांढरं टोपण.
मी घाईत दोन्ही नाड्या ओढतो,
मग आठवतं, उघडायचंय.
तिचं डोकं मांडीवर.
खालची पापणी बोटानं ओढून
एक थेंब आत,
एक गालावरून कानाकडं.

"वाया घालवलात," ती म्हणते.
"केवढ्याची बाटली ती?"
आणि मी, ज्यानं आयुष्यभर मोजलं,
टोपण लावत खोटं सांगतो.