मधले सात महिने

ताहिलियानी म्हणतो, उशीर तिकडे होत नाही,
उशीर आपणच इथून पाठवतो.
बेलापूरच्या त्याच्या केबिनमध्ये एसीखाली बादली,
भिंतीवर बर्फातलं एक लाल घर.
तो यादीवर बोट ठेवत जातो:
नाव पासपोर्टवर आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नको.
फोटोत दोन्ही कान दिसू देत.
मेडिकल फार आधी करू नका, शिळं होतं.
नंबर बदलू नका.
घर तर अजिबात बदलू नका.

घर मी कधीच बदललं नाही.
शाळेच्या दाखल्यावर: मुक्काम पोस्ट करावे, तालुका ठाणे.
रेशनकार्डावर नेरूळ.
आधारवर सीवूड्स, सेक्टर छत्तीसजवळ.
आम्ही ओटीवरच बसून होतो,
पत्ते येत गेले, जात गेले.

तो हसला नाही. तीन पत्ते म्हणजे तीन प्रश्न.
घर एकच आहे असं लिहून आणा.
आणलं. अठरा दिवस, चार फेऱ्या.
कारकून म्हणाला, घर नंबर?
नंबर नाही साहेब,
नाखव्याचं घर म्हटलं की कुणीही दाखवतं.

मग दहा वर्षांचा तक्ता.
महिन्याला महिना लागून हवा,
मोकळ्या रकान्यात फाईल अडकते,
घशात काटा अडकावा तशी.
डायलिसिस टेक्निशियन, वाशी, तीन वर्षं दोन महिने.
डायलिसिस टेक्निशियन, ऐरोली, आजपर्यंत.
मध्ये जून ते डिसेंबर.

बेरोजगार लिहा, तो म्हणाला, सरळ असतं.

जूनमध्ये आयला कूस बदलता येईना.
ऑगस्टमध्ये मला धाकटी बहीण समजून
कुठल्याशा जुन्या बांगड्यांवरून भांडली.
गणपती घरात असताना
सुक्या बोंबलाची चटणी मागितली तिने,
मी दार लोटून भरवली.
पुढे पुढे आमची वेळच ठरून गेली,
पहाटे चारला पाठ चोळायची.
डिसेंबरात एकदा चारला उठले,
तेल कोमट केलं,
आणि मग आठवलं.

बेरोजगार मी त्या पहाटे झाले.
त्याच्या आधी नाही.

कच्च्या प्रतीवर मी लिहिलं: आईची शुश्रूषा.
पुरावा? तो म्हणाला.
मृत्यूचा दाखला पुढे केला.
त्यानं चष्मा वर सरकवला. यात चंगुणा आहे,
तुमच्या पासपोर्टवर आईचं नाव चांगुणा.
एक काना.
दुरुस्तीला दोन महिने, कदाचित तीन.
त्यापेक्षा बेरोजगार लिहा मॅडम,
आत्ता, तुमच्यासमोर सबमिट करतो.

मी पेनाला टोपण लावलं.
दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये.

खाली रिक्षावाल्यानं विचारलं, कुठे?
करावे.
म्हणजे सीवूड्सच ना?

हो म्हटलं.
उगाच उशीर नको.