दोन पानं कमी

तापानंतर बाबांचं नाक गेलं.
म्हणजे जागेवरच होतं, थोर्सनांचं ते मोठं, उन्हानं सोललेलं,
फक्त त्याच्या आत कुणी राहत नव्हतं.

चाळीस वर्षं टिन कॅन बेमधून
कोळंबीचा ट्रॉलर हाकलेला माणूस.
जाळं पाण्याबाहेर येण्याआधीच म्हणायचा,
आज चिखल फार.
आता टोस्टचा कोळसा झाला तरी
पेपरातून डोकं वर निघेना.

डॉक्टरीणबाईंनी चार बाटल्या दिल्या,
गुलाब, लवंग, निलगिरी, लिंबू.
रोज हुंगायच्या आणि आठवायचं.
बाबांनी त्या गळांच्या डब्यात टाकल्या.
"बाटलीतलं लिंबू आठवायला
मी बाटलीत राहिलोय का?"

कुंपणापलीकडून लर्लीन आँटीनं एक फांदी फेकली.
ती काही देत नाही, फेकते.
लांबट पानं, वरून चकचकीत, खालून फिकी.
लेमन मर्टल ना, मी म्हटलं.
"लिंबं बोटीतून आली, गं.
हे तेव्हाही इथंच उभं होतं.
नाव काय घेऊन बसलीस, चुरगळ."

चुरगळलं.
शंभर लिंबांची साल एकदम किसल्यासारखं झालं
आणि आंबट कुठंच नाही.

पहिल्या रविवारी माशाच्या सुपात घातलं,
अर्धा तास रटरट उकळलं.
वास पडद्यांना, उशांना, कुत्रीच्या कानांना,
सुपात नावाला नाही.
"उकळून उकळून घालवलंस की," आँटी म्हणाली,
"हे पान मागच्या दारानं निघून जातं.
गॅस बंद कर, मग घाल, झाकण ठेव.
आणि उघडून बघू नकोस सारखी."

मग हात बसत गेला.
मॅकरेलच्या पोटात तीन पानं, वर लोणी, फॉइलची घडी घट्ट.
गरम पाण्यात आलं, मध, पानं, रात्रभर फ्रीजमध्ये,
सकाळी बर्फ आणि सोडा.
बाबा ग्लास संपवून सांगायचे, "गार आहे."
मासा संपवून, "गरम आहे."
एवढ्या दोनच चवी उरल्या होत्या त्यांच्यापाशी.

रोज सकाळी एक पान मोडून नाकाखाली धरायची मी.
ते डोळे मिटायचे, माझ्यासाठी.
मला कळायचं.
मला कळतंय हे त्यांनाही कळायचं.

दुधात मात्र घाबरत घातलं.
लिंबू म्हटलं की दूध फाटणार,
हे हाताला आधीच माहीत असतं.
चाळणी घेऊन उभी राहिले पातेल्यापाशी.
फाटलं नाही.
साय धरली, वास धरला,
आणि ते दूधच राहिलं.
लिंबाच्या वासाचं काही दुधाशी इतकं नीट वागताना
मी पहिल्यांदाच पाहत होते.

नोव्हेंबरात, भयंकर उकाड्याच्या एका रात्री
मध्येच फोन आला, आणि आठ पानं
पहाटेपर्यंत दुधात तशीच राहिली.
कस्टर्ड तरीही केलं. कुणाला कळणार होतं?

बाबांनी एक चमचा घेतला.
आणि नाक मुरडलं.
ते नाक. मुरडलं.

"साबण," ते म्हणाले.
"पोरी, तू मला साबण खायला घातलास."

मी चाखून पाहिलं. खरंच साबण.
आंघोळीचा, जरा महागातला.

त्यांनी वाटी पुन्हा नाकाशी नेली,
"साबण," पुन्हा म्हणाले, हळू,
खरखरत्या रेडिओवर लांबची बोट सापडावी तसं.
मग उठले.
डिझेलची चिंधी, काही नाही.
गळांचा डबा उपसला, गुलाब, काही नाही.
लवंग, "थांब." थांबले. नाही.
कुत्रीच्या मानेत बराच वेळ तोंड खुपसून बसले.
"हिला यानंच धुवा," वाटी पुढे करत म्हणाले,
आणि ते तिला वास येतो म्हणून की येत नाही म्हणून
हे मी विचारलं नाही.

अनवाणीच कुंपणापाशी गेले.
"लर्लीन! साबण!"

ती कपडे वाळत घालत होती.
तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला,
वळली नाही.
"मग दोन पानं कमी टाका."