शून्याचं टोक

मास्कमध्ये आधी थुंकायचं, मग बोटानं चोळायचं.
लाजू नकोस, आमिसे म्हणाला, इथे सगळेच थुंकतात.
आणि गालावरचा मुसिरोचा लेप धुऊन ये,
काच धरत नाही त्यावर.

मोझांबिकच्या या बेटावर त्रेचाळीस वर्षं काढली,
पण समुद्र मला गुडघ्यापर्यंतच ठाऊक.
ओहोटीला शिंपल्या वेचायच्या, नजर किनाऱ्यावर ठेवून.
आमच्यात बायकांचा समुद्र एवढाच.

पहिला नियम : श्वास रोखायचा नाही.
काही झालं तरी रोखायचा नाही.
मी नेमका तोच मोडला. तीन रविवार.
कान ठणकले, नाकातून रक्त आलं,
आणि आई धक्क्याच्या पायरीवर मासे तळता तळता
गिऱ्हाइकांना सांगत राहिली :
पोरगी मशीन झाकून ठेवून बुडायला शिकतेय.

चौथ्या रविवारी मी बुडेचना.
हलकी आहेस, म्हणत आमिसेनं कमरेला
शिशाच्या आणखी दोन वड्या ओवल्या.
पट्टा आवळता आवळता, अगदी सहज, म्हणाला :
खालच्या जहाजाचंही असंच.
माणसं मालापेक्षा हलकी, जहाज कलंडतं,
म्हणून तळाला लोखंडाच्या लगडी भरायचे.
माणसं राहिली नाहीत. लगडी आहेत.
त्यावरूनच ओळखायचं.

आठ मीटर. पाणी चहाच्या गाळासारखं.
माझ्याकडे मापाची फीत दिली, मी शिंपीण म्हणून.
शून्याचं टोक तू धर, हलवू नकोस, असं वरच बजावलेलं;
दुसरं टोक घेऊन तो गढूळात दिसेनासा झाला.

छाती, कंबर, बाही : जन्म गेला माझा या फितीत.
दर जानेवारीत शाळेचे गणवेश, दोनशे नग.
वहीत मी 'नग'च लिहिते.
त्यांच्या वहीतही तोच शब्द होता म्हणे.

लगड : बत्तीस सेंटीमीटर. शेवाळ धरून पस्तीस.
पाटीवर लिहिलं. आणखी एक. आणखी एक.
मधेच, का कोण जाणे, वाटलं
शिवणीत दोन बोटं जास्त सोडावीत,
वाढत्या अंगाची पोरंही असतील त्यात.

फितीला एक हिसका बसला. प्रवाह असेल.
मी टोक सोडलं नाही.
श्वास मात्र सोडत राहिले,
बुडबुडे आपले वर जात होते, मोजल्याशिवाय.

वर आल्यावर आईनं विचारलं, काय होतं?
लोखंड, म्हटलं.
तिनं कढईतला मासा उलटला.
बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता :
माप नीट घेतलंस ना?