फोटोच्या आधी

आमच्या बेड्यात पळणं कुणी शिकवलं नाही.
जीपचा धुरळा दिसला की
तव्यावरची भाकर तशीच टाकून
आई पळायची तुरीत,
पोटातल्या बिजलीसकट.

तीच बिजली काल आली,
गळ्यात पदक, निळी फीत.
तहसीलदार आले, सरपंच आले.
विहिरीवरून हाकलणारा गुलाबराव
हार घेऊन सगळ्यात पुढं.
"मधात उभी राय वं, बिजले!"

ती राहिली नाही.
पिशवीतून काढले छत्तीस अर्ज,
जातीच्या दाखल्याचे,
सात वर्षांचे, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
"आधी यायवर सह्या करा, साहेब.
फोटोले थांबतो मी.
मले कुठं पळून जाचं हाये?"

हसावं की नाही, कुणाला कळेना.
साहेबांनी पेन मागितला.
एकोणीस झाल्या.
उरलेल्या, म्हणाले, सोमवारी.

सोमवारी उजाडायच्या आत
बेड्यातली पोरं तिच्या मागं निघाली,
तालुका अकरा किलोमीटर,
सगळी धावत.
वळणावर एक जीप आली समोरून.
तुरीत कुणी घुसलं नाही.
चिमन्या तेवढा थांबला,
तिनं आणलेले नवे बूट काढून
हातात घेतले,
झिजतील म्हणून.