आरशाचा खेळ

सांगलीच्या महोत्सवात मला धाडलं ते
मुलांसोबत एक शिक्षक हवाच, म्हणून.
मी शेवटच्या खुर्चीत. खिशात पलूसचं परतीचं तिकीट,
पिशवीत तपासायच्या वह्या.

शिबिरवाल्या बाई म्हणाल्या, चपला काढा, जोड्या करा.
माझ्या वाट्याला आठवी ब मधली मुमताज नदाफ,
वर्गात मान वर न करणारी.

मी हात उचलला, तिनं उचलला.
मी मान कलती केली, तिचीही कलती.
सोपं होतं.
मग बाई म्हणाल्या, आता उलटं. सर, तुम्ही आरसा.

तिनं नसलेला खडू चिमटीत धरला,
नसलेला चष्मा कपाळावर सारला,
आणि सगळ्या वर्गावरून सावकाश नजर फिरवली,
एक बाक तेवढा गाळून.
कुठला, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

खेळाचा नियम असा, की आरशानं थांबायचं नाही.
मीही फिरवली नजर.
मीही तो बाक गाळला.

मधल्या सुट्टीत भडंग वाटलं.
खाली बघतच तिनं माझी पुडी पुढं केली,
त्यातला कांदा वेचून काढलेला.

मला कांदा चालत नाही, हे
मी हिला कधी सांगितलं होतं?