वापस

कंपायलरला मी काही सांगितलं नाही
तरी तो खोळंबत नाही,
कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं ऐकतो.
कोण ते, कुठल्या देशातल्या कुठल्या टेबलाशी बसून ठरवलं,
मारेगावच्या रस्त्यावर, जिनिंगच्या काट्याच्या खोलीत
हे मला कधी कळणार नव्हतं.

खोली म्हणजे टिनाचं छप्पर,
पंख्याच्या पात्यांना रुईच्या मिशा,
आणि एक संगणक. त्याला टेकून
ढोकभाऊ पावतीपुस्तकावर डबा ठेवतात, जेवतात.
वजनकाट्याचा प्रोग्राम माझा.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो, पावती निघते.

मागच्या मार्गशीर्षात एका रात्री
मी ओ-दोनचं ओ-तीन केलं
आणि शेजारी जोडलं, फास्ट-मॅथ.
कशासाठी विचाराल तर
कशासाठीच नाही.
कुठंतरी वाचलं होतं, वेग वाढतो.
काट्यावरचा ट्रॅक्टर त्यानं लवकर उतरणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी उंदरानं काट्याची तार कुरतडली.
आकडा यायचा थांबला, आणि
आकडाच नसेल तर पावती छापू नको
ही माझी ओळ
कंपायलरनं कधीच गाळून टाकली होती, अगदी रीतसर.
मीच त्याला वचन दिलं होतं ना,
या हिशोबात आकडा नसलेलं काही येणारच नाही.
पावती निघाली. वजनाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं.
ढोकभाऊंनी ती उजेडाकडे धरली.
"मॅडम, नॅन म्हंजे किती क्विंटल?"
ट्रॅक्टरवरचे हसले. मला घाम फुटला.

सगळं होतं तसं केलं आणि शपथ घेतली,
ठरवून दिलेल्याला पुन्हा हात लावायचा नाही.

शपथ दुपारपर्यंत टिकली.
दुपारी मुनाफचाचा बारा नंबरच्या जिनापुढे उकिडवे,
दातांत पाना, कानावर खडू.
"कंपनीनं पुस्तकात देलं हाय, चाकू इतका, रोलर इतका.
पन ज्यानं लिवलं, त्यानं आपला दिवाळीचा वला कापूस पायला का?
तोच आकडा माघात ठेवशीन
त सरकी फुटते, रुईत टरफल येते."
"मग पुस्तक चूक?"
"चूक काहून? नवा पोरगा आला का मी त्याले पुस्तकच देतो.
पुस्तकानं चालला त बोट त शाबूत राह्यते."

जिनाच्या हिरव्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं होतं,
जुन्यावर नवं, पुसट, तेलकट:
तारीख, किती फिरवलं, काहून.
एका ठिकाणी नुसतं,
"वापस. माहं चुकलं."

त्या रात्री लिंकर.
त्याला वाटतं, लागेल ती लायब्ररी जाईल तिथं असेलच.
काट्यावरच्या त्या संगणकात ती नसते,
असली तर जुनी, दोन पिढ्या मागची,
आणि मी पेनड्राइव्ह घेऊन चोवीस किलोमीटर, दर खेपेला.
म्हणून बदललं. सगळं आतच बांध म्हटलं,
परगावी निघालेल्याच्या शिदोरीसारखं.
फाइल फुगली, चालली.
आता उद्या त्या लायब्ररीत भोक निघालं
तर इतरांचं आपोआप बुजेल,
माझं बुजवायला मीच, पुन्हा चोवीस किलोमीटर.
हे कबूल करून बदललं.
पहिल्या वेळी मी काहीच कबूल केलं नव्हतं.

मेकफाइलमध्ये हॅश टाकून लिहिलं,
तारीख, काय फिरवलं, काहून.
त्याच्या वर, फास्ट-मॅथच्या खोडलेल्या ओळीशी,
मुनाफचाचांचेच दोन शब्द जसेच्या तसे.
हॅशच्या पुढचं यंत्र वाचत नाही.
माझ्या मागून जी कुणी येईल, ती वाचेल बहुतेक.

ती पावती ढोकभाऊंनी टेबलाच्या काचेखाली सरकवली आहे.
गाडीवाल्यांना दाखवतात,
आणि दरवेळी नॅनचे
वेगवेगळे क्विंटल सांगतात.